कर्लीची वाळू चाळताना

वालावलला कर्ली ही नदी कमी आणि खाडी जास्त असते. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याच्यालगतचं तळं पाहून झालं की माणसं होडीसाठी नदीकडे उतरतात, तेव्हा पाणी अगदी संथ दिसतं. पण ते दिवसातून दोनदा भरतीबरोबर वर चढतं, ओहोटीबरोबर उतरतं, आणि पावसाळ्यात घाटाकडून येणारा लोंढा भरती-ओहोटीला न जुमानता समुद्राकडे धावत सुटतो. या ये-जा करण्यात तळाची वाळू सतत जागा बदलत असते. पुढे देवबागला नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरते. त्या पट्टीवर गाव वसलेलं आहे. तिच्या टोकाला, मोबारला, नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे दिसतं.

देवबागची पुळण खचली की बोलणं हटकून नदीतल्या वाळूउपशावर येतं. डुबी मारून हातपाटीनं काढलेली वाळू असो की ड्रेजरनं ओढलेली, ती ब्रासवर मोजली जाते आणि निघून जाते. त्यामुळे समुद्राला मिळणारी वाळू किती घटते, या प्रश्नाला पुष्कळ अंगं आहेत. लाटा, वारा, बंधारे, पावसाचं मान, सगळंच त्यात येतं. मात्र त्याच्या पोटात एक लहान, मोजता येण्याजोगा प्रश्न आहे. वालावलच्या पात्रातली वाळू आणि देवबागच्या किनाऱ्यावरची वाळू सारखी आहे की वेगळी, आणि वेगळी असेल तर कशी वेगळी? मला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्याचं चुकीचं उत्तर काढणं फार सोपं आहे. चुकीचं उत्तर एकदा अहवालातल्या कोष्टकात जाऊन बसलं, की ते खोडून काढणं गावकऱ्यांच्या हातात राहत नाही.

मोजणीची रीत जुनी आहे. नमुना आधी गोड्या पाण्यानं धुऊन त्यातलं मीठ काढायचं. मीठ तसंच सुकलं तर बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात आणि चाळणीवर मोठे म्हणून मोजले जातात. धुतलेली वाळू सुकवायची, तिचा ढीग करायचा, ढीग दाबून चपटा करायचा आणि त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, असं करत शंभरेक ग्रॅमपर्यंत यायचं. हा खटाटोप टाळून पिशवीत हात घालून मूठ भरली तर चालत नाही. पिशवी गाडीत हिंदकळताना बारीक कण खाली झिरपलेले असतात, जाडे वर आलेले असतात आणि मुठीत वरचेच येतात. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुराही असतो. तो राहू द्यायचा की सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून टाकायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि एकदा ठरलं की सगळ्या नमुन्यांना तोच नियम.

मग चाळण्यांची उतरंड लावायची. वर मोठ्या भोकांची, खाली क्रमानं बारीक, तळाला थाळी. यंत्रावर ठराविक वेळ हलवून झालं की प्रत्येक चाळणीवर उरलेली वाळू ब्रशानं झाडून घ्यायची आणि तोलायची. जाळीत अडकलेले कण सोडवायला चाळणी उलटी करून अलगद थोपटावी लागते. घासली तर तारा ताणल्या जातात, भोकं मोठी होतात आणि पुढचे सगळे नमुने आहेत त्यापेक्षा बारीक भासू लागतात. शेवटी सगळ्या वजनांची बेरीज सुरुवातीच्या वजनाशी ताडून पाहायची. फरक मोठा असेल तर तो नमुना बाद.

एवढं करून हाती एक आकडा येत नाही, आकड्यांची रांग येते. या चाळणीवर इतके टक्के, त्याखालच्या चाळणीवर इतके. बांधकामाच्या धंद्यात ही रांग ओळखीची आहे. भारतीय मानक ३८३ मध्ये बारीक वाळूचे चार झोन आहेत, आणि ते मुख्यतः ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून किती वाळू खाली पडते यावर ओळखले जातात. १५ ते ३४ टक्के पडली तर पहिला झोन, ३५ ते ५९ दुसरा, ६० ते ७९ तिसरा, ८० पासून पुढे चौथा. स्लॅबला जाडी वाळू, गिलाव्याला बारीक, एवढं ठरवायला ते पुरतं. पण वाळूचा माग काढायचा असेल तर एका चाळणीवर निकाल लावता येत नाही. ५९ चे ६० टक्के झाले तर झोन बदलतो, वाळू बदलत नाही.

भूशास्त्रज्ञांनी या रांगेसाठी वेगळी मोजपट्टी वापरली. अमेरिकेतल्या चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ साली कणांचे वर्ग दुपटीच्या हिशेबानं लावले. २ मिलिमीटर, १, अर्धा, पाव, एकअष्टमांश, असं उतरत जायचं. १९३४ मध्ये विल्यम क्रंबाइन यांनी त्यालाच ‘फाय’ हे माप दिलं. १ मिलिमीटर म्हणजे शून्य फाय, अर्धा म्हणजे १, पाव म्हणजे २. कण जितका बारीक तितका फाय मोठा. दुपटीचाच हिशेब का, तर वाहत्या पाण्याच्या लेखी एकदशांश आणि दोनदशांश मिलिमीटरच्या कणांत मोठा भेद असतो, पण ५ आणि ५.१ मिलिमीटरच्या खड्यांत जवळपास काहीच नसतो. मोजपट्टीनं पाण्याचा हा न्याय पाळायला हवा.

पुढे १९५७ मध्ये रॉबर्ट फोक आणि विल्यम वॉर्ड यांनी टेक्सासमधल्या ब्राझोस नदीतल्या एका वाळूच्या पट्ट्याचा अभ्यास करून चार आकडे रूढ केले. कणांची सरासरी, त्यांचा पसारा, टक्क्यांच्या त्या रांगेचा वक्र कोणत्या बाजूला कलला आहे त्याचं माप, आणि तो मध्ये किती टोकदार आहे त्याचं माप. पसारा अर्ध्या फायच्या आत असला तर वाळू चांगली निवडली गेली असं म्हणतात, १ च्या वर गेला तर निवड वाईट. आजही बहुतेक अहवालांत हेच चार आकडे असतात, आणि घाईच्या अहवालात त्यातला फक्त पहिला.

पहिल्यावर थांबलं तर काय होतं ते पाहू. समजा एका पिशवीतली निम्मी वाळू अर्धा ते पाव मिलिमीटरच्या वर्गात आहे आणि निम्मी पाव ते एकअष्टमांशच्या वर्गात. दुसऱ्या पिशवीत १ मिलिमीटरपासून एकसोळांशपर्यंतच्या चारही वर्गांत प्रत्येकी २५ टक्के वाळू आहे. दोन्हींची सरासरी अगदी एकच येते, २ फाय, म्हणजे पाव मिलिमीटर. पण पहिली वाळू लाटांनी घोळून घोळून निवडलेली असावी अशी आहे आणि दुसरी जे मिळेल ते एकत्र टाकल्यासारखी. सरासरीच्या कोष्टकात या दोन ओळी सारख्याच दिसतील.

म्हणून तुलना पूर्ण वक्रांची करावी लागते, आणि त्यासाठी दोन वक्रांमधलं अंतर मोजायची रीत लागते. चाळणीमागून चाळणी टक्के वजा करून फरकांची बेरीज करणं सोपं वाटतं, पण त्यात एक खोट आहे. पहिल्याच पिशवीतल्या बारीक वर्गातली २० टक्के वाळू शेजारच्या आणखी बारीक वर्गात सरकली काय, किंवा तीच २० टक्के २ ते ४ मिलिमीटरच्या खड्यांत गेली काय, वजाबाकीत दोन्ही फरक तेवढेच दिसतात. चाळण्या एकमेकींच्या किती जवळ आहेत हे त्या हिशेबाला कळतच नाही.

याला उत्तर देणारी कल्पना मातीकामातूनच आलेली आहे. गास्पार माँज या फ्रेंच गणितज्ञानं १७८१ साली प्रश्न मांडला होता की खणून काढलेली माती भरावाच्या जागी कमीत कमी श्रमात कशी नेता येईल. किती माती आणि किती लांब, यांचा गुणाकार म्हणजे श्रम. दोन वितरणांमधलं अंतर आज याच गुणाकारानं मोजतात. एका नमुन्याची रांग दुसऱ्यासारखी करायला किती टक्के वाळू किती फाय सरकवावी लागेल? वरच्या दोन पिशव्यांत २५ टक्के एक फाय जाड बाजूला आणि २५ टक्के एक फाय बारीक बाजूला न्यावी लागते, म्हणून अंतर अर्धा फाय. शेजारच्या वर्गात सरकलेल्या २० टक्क्यांचं अंतर ०.२ फाय, खड्यांत गेलेल्या तेवढ्याच वाळूचं ०.८. दोन्ही नमुन्यांचे संचित टक्क्यांचे वक्र एकाच आलेखावर काढले तर त्यांच्यामधल्या जागेचं क्षेत्रफळ नेमकं हेच असतं. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजूनही ते काढता येतं.

अंतर निघालं, आता ते मोठं की लहान हे कसं ठरवायचं? इथे सर्वांत घातक चूक होते. पाव मिलिमीटर व्यासाच्या गारेच्या एका कणाचं वजन सुमारे ०.०२२ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे १०० ग्रॅम वाळूत असे साधारण ४६ लाख कण. दोन वितरणांच्या तुलनेची एक प्रसिद्ध कसोटी आहे, कोल्मोगोरोव-स्मिर्नोव यांची. तिच्यात नमुन्याचा आकार म्हणून ४६ लाख घातले, तर संचित टक्केवारीत कुठेही ०.०९ टक्क्यांहून जास्त फरक दिसताच ती ‘वाळू वेगळी’ असा निर्वाळा देते. एकाच पिशवीचे चार भाग करून त्यातले दोन चाळले तरी त्यांच्यात याहून जास्त फरक पडतो. म्हणजे या हिशेबानं प्रत्येक वाळू स्वतःहूनच वेगळी ठरेल. शिवाय चाळणीवर मोजलेले टक्के वजनाचे असतात, कणांच्या संख्येचे नव्हेत. २ मिलिमीटरचा एक खडा पाव मिलिमीटरच्या ५१२ कणांच्या वजनाइतका भरतो.

इथे मोजायचं एकक पिशवी आहे. कण कितीही असोत, वालावलच्या पात्रातून सहा वेगवेगळ्या जागी सहा पिशव्या भरल्या असतील तर नमुने सहाच. त्या सहा पिशव्या एकाच खड्ड्यातून भरल्या असतील तर तेही नाहीत, तो एकच नमुना सहा वेळा मोजल्यासारखं होतं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांमधली ही चूक नाव देऊन चव्हाट्यावर आणली, तरी ती अजून सरसकट आढळते.

पिशवी हे एकक मानलं की कसोटी अगदी सरळ होते. वालावलच्या सहा आणि देवबागच्या सहा पिशव्या घ्यायच्या. गावागावांतल्या पिशव्यांमधलं सरासरी अंतर काढायचं आणि एकाच गावातल्या पिशव्यांमधलं सरासरी अंतर त्यातून वजा करायचं. मग पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या काढून बारा पिशव्यांची सहा-सहा अशी नव्यानं वाटणी करायची आणि तोच हिशेब पुन्हा. अशा वाटण्या ९२४ होतात. दोन गटांची नावं आपसात बदलली तरी अंतर तेच राहतं, म्हणून खऱ्या अर्थानं वेगळ्या ४६२. खऱ्या चिठ्ठ्यांनी आलेला आकडा या ४६२ मध्ये सर्वांत मोठा निघाला, तर तसं निव्वळ योगायोगानं घडण्याची शक्यता ४६२ त एक. कोणताही वक्र घंटेच्या आकाराचा असावा लागत नाही, कोणतंही सूत्र विश्वासावर घ्यावं लागत नाही. आणि किती पिशव्या लागतील हेही यातून आधीच कळतं. दोन्हीकडून तीन-तीनच पिशव्या आणल्या तर वेगळ्या वाटण्या फक्त दहा. म्हणजे फरक डोळ्यांना कितीही उघड दिसला तरी शक्यता दहात एकच्या खाली जाऊ शकत नाही. नेहमीची पाच टक्क्यांची मर्यादा गाठायला निदान चार-चार पिशव्या हव्यात. तीन-तीन नमुन्यांवर ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असं या कसोटीच्या आधारानं लिहिलं असेल, तर ते वाक्य नमुने गोळा करण्याआधीच लिहिता आलं असतं.

एकाच गटाच्या आतला पसारा हेच अंतराचं माप धरावं, हा विचार आपल्याकडेही खोलवर रुजलेला आहे. कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र संस्थेची उभारणी करणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं आणि त्यांच्याच नावानं जगभर ओळखलं जाणारं अंतर याच तत्त्वावर उभं आहे. त्यामागे माणसांच्या शरीरमापांची तुलना होती. वाळूला ते तसंच्या तसं लावताना मात्र जपावं लागतं, कारण टक्क्यांची बेरीज नेहमी १०० भरते. पुरात एका नमुन्यात खडे आले की बाकी सगळ्या चाळण्यांचे टक्के घसरतात, बारीक वाळूचा एक कणही कमी झालेला नसताना. अशा बांधलेल्या आकड्यांत खोटे परस्परसंबंध दिसतात हे कार्ल पिअरसन यांनी १८९७ मध्येच सांगितलं होतं. जॉन एचिसन यांनी १९८२ मध्ये त्यावर गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घेण्याची वाट दाखवली. रिकामी चाळणी आली की ती वाट अडते, शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही.

समजा इतकं सगळं नीट केलं आणि वालावल व देवबागची वाळू ठामपणे वेगळी निघाली. आता ‘मग नदीच्या वाळूचा किनाऱ्याशी संबंध नाही’ असं म्हणता येईल का? मुळीच नाही. सगळ्या विषयाचं मर्म मला इथे दिसतं. लाटा वाळू निवडतात. नदीतून आलेला गाळ किनाऱ्यावर पडला की त्यातले बारीक कण लाटांबरोबर उचलले जातात आणि आत समुद्रात जातात. जेराल्ड फ्रीडमन यांनी १९६१ मध्ये दाखवलं की किनाऱ्याच्या वाळूला बहुधा बारीक कणांची शेपटी नसते, नदीच्या वाळूला असते. पुढे याला अपवाद बरेच सापडले, पण कारण पटण्यासारखंच आहे. म्हणजे कर्लीची अस्सल वाळू देवबागला पोचली तरी तिचा वक्र बदललेला असणारच. कसोटी फक्त ‘वेगळी’ एवढं सांगते. वेगळेपण कुठे आहे हे वक्राकडे पाहूनच कळतं. फक्त बारीक शेपटी तुटलेली असेल आणि जाड बाजू जुळत असेल, तर ती नदीचीच वाळू निवडून निघालेली असू शकते. किनाऱ्यावर नदीत कुठेच नसलेला जाड वर्ग आढळला, तर दुसरा पुरवठा शोधायला हवा. आणि दोन वक्र तंतोतंत जुळले तरी उगम एक असल्याचा तो पुरावा नव्हे, कारण दोन वेगळ्या डोंगरांची गार सारख्याच वेगाच्या पाण्यातून सारखीच निवडली जाऊ शकते.

यासाठी दोन टोकांचे नमुने पुरत नाहीत. वालावल, चेंदवण, कोरजाई, मोबार आणि मग समुद्राच्या बाजूनं देवबाग, तारकर्ली, पलीकडे भोगवे, अशी साखळी हवी. वक्र पायरीपायरीनं बदलत गेला तर वाळू प्रवास करते आहे असं म्हणायला आधार मिळतो, एकाच ठिकाणी उडी मारून बदलला तर तिथे काहीतरी नवीन मिसळतं आहे. अशी साखळी केली की पिशव्या वाढतात आणि जोड्या त्याहून वेगानं वाढतात. ३० पिशव्यांच्या जोड्या ४३५. प्रत्येक जोडीवर पाच टक्क्यांची कसोटी लावत बसलं तर वाळू सगळीकडे एकच असतानाही वीस-बावीस जोड्या ‘वेगळ्या’ निघतील, आणि त्यातली सोयीची जोडी उचलून कुणीही हवं ते सिद्ध करेल. त्याऐवजी सगळे वक्र एकत्र मांडून विचारायचं की हे मोजक्या मूळ वाळूंच्या मिश्रणातून तयार झाले असतील का. गेर्ट यान वेल्ट्ये यांनी १९९७ मध्ये याचं गणित नीट बसवलं. प्रत्येक पिशवीत पुराची वाळू किती वाटे, लाटांनी निवडलेली किती वाटे, खाडीचा चिखल किती वाटे, असं उत्तर त्यातून मिळतं. मूळ वाळूंना ही नावं मात्र गणित देत नाही, नदी ओळखणाऱ्या माणसालाच ती द्यावी लागतात.

कोकणच्या वाळूवर या प्रकारचं काम झालेलं आहे. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या जी. व्हिक्टर राजमाणिक्कम आणि ए. आर. गुजर यांनी १९८० च्या दशकात रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी या उपसागरांतल्या गाळाच्या कणांचा अभ्यास केला. त्या भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज आहे. त्यानं वक्रांच्या वाचनात आणखी एक गुंता येतो. गारेची घनता २.६५, इल्मेनाइटची सुमारे ४.७. बारीक कणांच्या बाबतीत हिशेब केला तर इल्मेनाइटचा कण गारेच्या कणाच्या दोन-तृतीयांश व्यासाचा असला तरी तितक्याच वेगानं पाण्यात खाली बसतो. चाळणी आकार पाहते, पाणी वेग पाहतं. एकाच लाटेनं एकाच वेळी टाकलेली वाळू चाळणीवर दोन उंचवट्यांची दिसू शकते आणि दोन वाळूंचं मिश्रण म्हणून वाचली जाऊ शकते. म्हणून काळे कण दिसले की ते जड द्रवात टाकून वेगळे काढावेत आणि गारेचा वक्र स्वतंत्र काढावा. खनिजांची ही यादी उगमाबद्दलही आकारापेक्षा जास्त खात्रीनं बोलते.

राहता राहिला काळ. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळणीची वाळू ओढून आत नेतात आणि हवा शांत झाल्यावर ती हळूहळू परत येते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे वालावलचे नमुने मे महिन्यातले आणि देवबागचे सप्टेंबरातले असतील, तर जो फरक दिसेल तो जागेचा की ऋतूचा हे कुठलीही कसोटी सांगू शकणार नाही. दोन्हीकडचे नमुने एकाच आठवड्यात घ्यावेत, किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपाशी, मध्ये आणि ओहोटीच्या रेषेपाशी असे तिन्ही उंचींवर घ्यावेत आणि पावसाळ्याआधी व नंतर तीच फेरी पुन्हा करावी. अहवाल मागवताना ग्रामपंचायतीनं सरासरी आणि झोन यांच्या कोष्टकावर समाधान मानू नये. प्रत्येक पिशवीची जागा, तारीख, भरतीची वेळ आणि चाळणीवार वजनं जोडून मागावीत. ती वजनं असली की कुडाळच्या किंवा मालवणच्या कॉलेजातली मुलंही संगणकावर चिठ्ठ्या बदलून ४६२ वाटण्या स्वतः तपासू शकतात.